सुवर्णा-शंभर गेल्यावर

सोमवारी सकाळी मल्लिनाथ कोरे चहाचा रिकामा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि बायकोला म्हणाले, "नंदा, तोंडाला पीठ लागलंय तुझ्या."

महानंदा काटवटीत ज्वारीचं पीठ मळत होती. तिने मनगटाने गाल पुसला.

"अजून आहे. डोळ्याखाली बघ. आणि हनुवटीला."

कप ओट्यावर ठेवून ते पुढे आले, वाकले आणि अंगठ्याने तिचा गाल पुसायला लागले. एकदा पुसला, दोनदा पुसला, मग जरा जोर लावला. पीठ निघेना.

महानंदाचे हात पिठातच थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, पण तिने उलथनं उचललं नाही.

"अहो, ते पीठ नाही," ती म्हणाली. "कोड आहे."

मल्लिनाथांनी अंगठा मागे घेतला. "कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली."

"आणि मला दिसायला लागून चार झाली."

"व्हय."

त्यांनी गॅस बंद केला, करपलेली भाकरी चिमट्याने उचलून बाजूला ठेवली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

मल्लिनाथ बार्शीत एका कलर लॅबमध्ये फोटो छापायचे. रोलचे फोटो होते तेव्हापासून, म्हणजे लग्नाआधीपासून. पुढे रोल गेले, नवी यंत्रं आली, तरी रंग जुळवायचं काम त्यांच्याकडेच राहिलं. पंचक्रोशीतले फोटोग्राफर म्हणायचे, लग्नाचा अल्बम कोऱ्यांच्या हातून काढा, नवरी नवरीसारखी दिसेल. चाळिशीनंतर त्यांना रातांधळेपणा आला. मग डोळ्याच्या कडेचं दिसेना, मग समोरचंही. पडदा वाळत जाण्याचा आजार होता, त्यांच्या वडिलांनाही होता. बावन्नाव्या वर्षी मल्लिनाथांना दिवस आणि रात्र एवढंच कळायचं.

महानंदाच्या हनुवटीवर पहिला डाग आला तो त्याच वर्षी. वाटाण्याएवढा होता. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी एकेका जागी मरत जातात आणि तिथली कातडी पांढरी पडते, एवढंच ते दुखणं. दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पण तिला आधी घाई होती ती नवऱ्याच्या डोळ्यांची. सांगायचं राहून गेलं. आणि आंधळ्या माणसाला सांगून काय करायचं, असंही वाटलं.

चार वर्षांपूर्वी पुण्याच्या एका नेत्र रुग्णालयात मल्लिनाथांच्या डोळ्यात चकती बसवली. तांदळाच्या कणीएवढी चकती, पडद्याच्या मागे. चष्म्याच्या काडीतला कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो, खिशातलं काडेपेटीएवढं यंत्र त्याचा हिशोब करतं आणि चकती त्या हिशोबाप्रमाणे मज्जातंतूंना विजेचे बारीक टोचे देते. मेंदू त्यालाच प्रकाश समजतो. अडचण एवढीच, की निरोगी डोळ्याला गडद-फिक्याच्या कितीतरी पायऱ्या कळतात आणि या चकतीला जमतात फक्त चाळीस. आकाशापासून पायाखालच्या उंबरठ्यापर्यंत सगळं जग चाळीस पायऱ्यांवर उभं करायचं. कशाला किती पायऱ्या द्यायच्या, कुठला रंग कशात मिसळला तर चालेल, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

हा प्रश्न फोटोवाल्यांनी आधीच सोडवलेला होता. कॅमेऱ्याला रंग दिसत नाही, तो उजेड मोजतो. त्या आकड्यांना रंग चढवायचे तक्ते फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार असतात. त्यातले काही तक्ते जुन्या रोलची नक्कल करतात. रोलवर प्रकाशाला जागे होणारे तीन थर असायचे आणि प्रत्येक कंपनीची रसायनं वेगळी, त्यामुळे प्रत्येक रोलचा स्वभाव वेगळा. एखादा झाडं हिरवीगार दाखवायचा, एखादा सगळ्यांना उन्हात उभं केल्यासारखं सोनेरी करायचा. डोळ्याचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीने हे सगळे तक्ते जसेच्या तसे उचलून यंत्रात घातले होते.

यंत्र सुरू केलं त्या दिवशी महानंदा रुग्णालयाच्या खोलीत दाराशी उभी होती, पदर हनुवटीवर घट्ट धरून. रुबिना अत्तार नावाची तंत्रज्ञ मुलगी एकेक तक्ता लावून बघत होती. पहिला कंपनीचा तटस्थ तक्ता लावला तर मल्लिनाथांनी डोळे गच्च मिटले. "चुना फेकल्यासारखं होतंय हो!" दुसरा नको, तिसरा नको. सातवा तक्ता लावला आणि ते एकदम ताठ बसले.

"हा सुवर्णा-शंभर आहे," ते म्हणाले. "आमच्या लॅबमध्ये लग्नाला हाच रोल यायचा. नंदा कुठंय? नंदा, इकडं ये."

ती गेली. पदर सोडावाच लागला. मल्लिनाथ तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या चष्म्याखालून पाणी वाहायला लागलं. "आहेस तशीच आहेस की," ते म्हणाले.

सुवर्णा-शंभर हा माणसांचा रोल होता. वांग, पुटकुळ्या, उन्हाने काळवंडलेले गाल, सगळं झाकून चेहरा एकसारखा करणं हीच त्याची खुबी. त्वचेच्या रंगाच्या आगेमागे जे असेल ते ओढून एका जागी आणायचं. त्यात चकतीला पायऱ्या चाळीसच. महानंदाची गव्हाळ त्वचा आणि तिच्यावरचे पांढरे डाग त्या तक्त्यात एकाच पायरीवर बसले होते. रुबिनाने हे तेव्हाच ओळखलं. महानंदाने तिच्याकडे बघून हलकेच मान हलवली, नको म्हणून, आणि रुबिना गप्प राहिली.

आणि आता तो तक्ता नव्हता.

व्हरांड्यातून मल्लिनाथांनी रुबिनाला फोन लावला. "मॅडम, रविवारी रात्री तुमचा अपडेट आला. मी हो म्हणालो. आता यादीत फिल्मचे तक्तेच नाहीत. एकही नाही. तटस्थ, उजळ आणि रात्र, एवढेच तीन दिसतायत."

"सकाळपासून एकोणीस फोन आले कोरेकाका," रुबिना म्हणाली. "रोलची नावं आणि रंग ज्यांच्या मालकीचे, त्यांच्याशी असलेला करार संपला. कंपनीने नव्या आवृत्तीतून ते तक्ते काढून टाकले. आम्हालाही आधी कळवलं नाही."

"माझं डोकं ठणकतंय. पायरी कुठं संपते कळत नाही."

"मी काहीतरी करते. तोवर उन्हात जाऊ नका." मग जरा थांबून तिने विचारलं, "काकू कशा आहेत?"

मल्लिनाथांनी वळून स्वयंपाकघराकडे बघितलं. "म्हणजे तुम्हालाही माहीत होतं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. ताट वाढलंय. गोळी घेतली का. महानंदा त्यांच्याकडे पाठ करून वावरायची. तिला वाटायचं, हे बघतायत. वळून बघावं तर ते भिंतीकडे तोंड करून, कपाळ दाबून बसलेले असायचे.

गुरुवारी दुपारी मल्लिनाथांनी विचारलं, "वैष्णवीला माहीत होतं?" वैष्णवी ही त्यांची मुलगी, लग्न होऊन लातूरला होती.

"सगळ्यांना माहीत होतं. दिसतं की सगळ्यांना."

"मीच एक राहिलो. साऱ्या गावाने मला आंधळा म्हणावं, ते खरंच होतं. पण तू पण?"

महानंदा त्यांच्यासमोर येऊन बसली. या तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"भाचीच्या हळदीला गेले होते मी," ती म्हणाली. "तुमची दृष्टी गेलेली होती, तुम्ही घरीच होता. हळद लावायला हात पुढं केला तर वहिनीने मनगट धरलं. म्हणाली, ताई, फोटो काढायचेत, तुम्ही जरा मागं उभ्या राहा. रागाने नाही हो, अगदी गोड बोलून. तेव्हापासून मी कुणाच्या फोटोत नाही. बाजारात गेलं की लोक आधी डाग बघतात, मग मला ओळखतात. आणि पुण्यात तुम्ही डोळे उघडून म्हणालात, आहेस तशीच आहेस. मी काय सांगायला हवं होतं तेव्हा? रडत होता तुम्ही."

"तेव्हा नाही. नंतर सांगायचंस."

"नंतर तर आणखीच जमेना. रोज सकाळी तुम्ही माझ्याकडं बघायचा आणि पहिल्यासारखं बोलायचा. एवढं एक राहू दे, म्हटलं."

मल्लिनाथांनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्यांना काहीच दिसत नसे. तसंच बसून ते म्हणाले, "मीही एक खरं सांगतो. सोमवारी मला भीती वाटली. घरात दुसरंच कुणी माणूस आल्यासारखं वाटलं. मंगळवारी पण. तू वळलीस की मी नजर काढून घ्यायचो. तुला कळलं असेल."

"कळलं."

"काल तू फोनवर वैष्णवीशी बोलत हसलीस. तेव्हा मी बघत राहिलो. डाग दिसत होते आणि हसताना तुझा डावा गाल वर जातो, तो पण दिसत होता. चार वर्षांत तो मला दिसला नव्हता. माझ्या ध्यानातही नव्हतं, की दिसत नाही म्हणून."

महानंदाने त्यांच्या हातातला चष्मा घेतला, पदराने काचा पुसल्या आणि परत दिला.

दुसऱ्या दिवशी रुबिनाचा फोन आला. तिने मार्ग शोधला होता. रुग्णालयाकडे जुन्या आवृत्तीची प्रत होती. एका अर्जावर सही केली तर मल्लिनाथांचं यंत्र मागे नेता येणार होतं. पुढच्या सुधारणा मिळाल्या नसत्या, पण सुवर्णा-शंभर परत आला असता.

"जुनंच घ्या," महानंदा लगेच म्हणाली. "डोकं दुखायचं तरी थांबेल."

"ते घेतलं तर तुझे डाग जातील."

"जाऊ देत की! मला काय त्यांचं कौतुक आहे?"

"माझ्याच डोळ्यांतून जातील फक्त. मला माहीत असणार, तू समोर आहेस आणि मी दुसरंच काही बघतोय. समजून उमजून आंधळं व्हायचं? मला नाही जमणार ते." मग ते फोनकडे वळले. "मॅडम, तक्ता हाताने बनवता येतो का? पायऱ्या एकेक करून हलवता येतात का?"

"यंत्राला कुलूप आहे. पण धोक्याच्या मर्यादा मी बांधून दिल्या तर आतलं तुम्ही हलवू शकता," रुबिना म्हणाली. "काका, वेळ लागेल. आणि तोवर हा त्रास सोसावा लागेल."

"अठ्ठावीस वर्षं तेच केलंय. कुलूप काढा."

"माझ्यासाठी कशाला डोकं दुखवून घेता?" महानंदा वैतागून म्हणाली. पण तिनेच गच्चीवरच्या पत्र्याच्या सावलीत दोन खुर्च्या नेऊन ठेवल्या.

काम सुरू झालं. रोज सकाळी दहा ते अकरा, कारण तेव्हा तिथला उजेड स्थिर असायचा. मल्लिनाथ एका हाताने, यंत्राला जोडलेल्या फोनवर, तक्त्याची रेघ वर-खाली करायचे आणि समोर बघायचे. तिसऱ्या दिवशी त्वचा जमली तर जिन्याच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून गेल्या आणि ते उतरताना घसरले, गुडघा सोलला. पाचव्या दिवशी सगळ्यावर हिरवी झाक आली. "भाकरी शेवाळल्यासारखी दिसतीय आणि शेंगाचटणी जांभळी," ते जेवताना म्हणाले. महानंदा हसली. मग ती जास्तच हसायला लागली, तसे तेही हसले.

"तुम्ही माझ्याकडंच का बघत बसता?" एकदा तिने विचारलं. "त्या टाकीकडं बघा, झाडाकडं बघा."

"लॅबमध्ये रोज सकाळी पहिला एक ठरलेला फोटो छापायचो आम्ही," मल्लिनाथ म्हणाले. "रोलच्या कंपनीकडून यायचा. एक गोरी परदेशी बाई, मागे करडा पडदा. तिचा चेहरा बरोबर आला की यंत्र बरोबर. आता बघ, तो रोलच तिच्या कातडीसाठी केलेला. आपल्या बायका त्यात कधी तांबड्या यायच्या, कधी राखेसारख्या. मग मी प्रत्येक फोटोला बटणं दाबून दाबून रंग आणायचो. सुवर्णा-शंभर त्यातल्या त्यात बरा, कारण तो सगळ्यांनाच सारखं करायचा. मला आता तसं नकोय. तुझ्या गालावर दोन रंग शेजारी शेजारी आहेत. दोन्ही ज्या तक्त्यात खरे येतील, त्याच्यात बाकीचं सगळं येईल. टाकीत काय आहे बघण्यासारखं?"

एक अडचण मात्र त्यांना एकट्याला सुटणारी नव्हती. आपल्याला दिसतंय ते खरंच तसंच आहे का, हे त्यांना कोण सांगणार? ज्या डोळ्यांनी तपासायचं, तेच तर दुरुस्त करायचे होते. आठव्या दिवशी त्यांनी बोट पुढे केलं आणि महानंदाच्या गालावरच्या डागाची कड धरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

"इथं वळतो का?"

कोड आहे हे माहीत असून त्या जागेला नऊ वर्षांत डॉक्टरशिवाय कुणी हात लावला नव्हता. पण आरशात बघून बघून तिला प्रत्येक डागाचा नकाशा पाठ होता.

"नाही. अजून थोडं खाली जा," ती म्हणाली. "आता कानाकडं. थांबा, तिथं एक बारीक फाटा आहे."

"फाटा मला नाही दिसत."

"आहे. केसाएवढा."

त्यांनी फोनवरची रेघ जराशी हलवली. परत बोट ठेवलं. परत चुकलं. त्या दिवशी अकराचे साडेबारा झाले. उजेड बदलला, पण दोघं उठली नाहीत. ती सांगत होती, ते बोट फिरवत होते. बाराव्या दिवशी मल्लिनाथांनी तिच्या गालावरचा डाग, डोळ्याखालचा डाग आणि हनुवटीवरचा डाग न विचारता कडेकडेने पुरा फिरवला. फाट्यासकट.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून तिने नुसती मान हलवली.

"मान हलवलीस ते दिसलं," मल्लिनाथ म्हणाले. "आणि डोकं दुखत नाहीये आज."

पुढच्या आठवड्यात रुबिना स्वतः बार्शीला आली. तिने आधी महानंदाकडे, मग मल्लिनाथांकडे बघितलं आणि घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला. मल्लिनाथच म्हणाले, "तुम्ही गप्प राहिलात ते बरोबर होतं मॅडम. सांगणं तिचं काम होतं." महानंदाने तिच्यापुढे कडक भाकरीचा डबा उघडून ठेवला.

रुबिनाने तक्ता तपासला, प्रत घेतली आणि पुण्याला जाऊन आधी सहा जणांना लावून बघितला. मग तीस जणांना. महिनाभराने ती पुन्हा आली तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखं खूप होतं. अकलूजच्या एका शिंप्याला दोन वर्षांनी पांढरा आणि मोतिया दोरा वेगळा कळायला लागला होता. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंना जुळे नातू ओळखू यायला लागले होते, एकाच्या भुवईवर व्रण होता तो त्यांना आता दिसत होता. फिल्मचे तक्ते गेल्यावर अडलेले चारशेच्या वर लोक होते आणि सगळ्यांना हा तक्ता हवा होता.

"पण एक अडचण आहे," रुबिना म्हणाली आणि महानंदाकडे वळली. "काकू, चकतीचा स्वभाव रोज थोडा थोडा सरकतो. घाम, ताप, झोप, सगळ्याचा परिणाम होतो. त्यामुळे रोज सकाळी फोनवर एक ठरलेला फोटो बघून यंत्र जुळवून घ्यावं लागतं. हा तक्ता तुमच्या चेहऱ्यावर बांधलाय. तर तो फोटो..."

"माझा?"

"तुमचा. चारशे लोक रोज सकाळी आधी तुमचा चेहरा बघतील."

महानंदाचा हात आपोआप पदराकडे गेला.

"नको वाटत असेल तर नाही म्हण," मल्लिनाथ म्हणाले. "रंगीत कागदाचे चौकोन कापून मी दुसरं काही जुळवून देईन. एवढं चांगलं नाही जमणार, पण चालेल."

बाहेर भांडीवाल्याची हाक येऊन गेली.

"त्यांच्यात बाया किती आहेत?" तिने शेवटी विचारलं.

"दीडशे-पावणेदोनशे असतील."

"आणि कोड असलेलं कुणी?"

"नक्की सांगता येणार नाही. पण असतील काकू. चारशेंत असतीलच."

"बघू तो फोटो."

रुबिनाने टॅबलेट पुढे केला. गेल्या खेपेला गच्चीवर काढलेला फोटो होता. महानंदाने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. मल्लिनाथ तिच्याकडे बघत होते.

"हा नको," ती म्हणाली.

रुबिनाने मान खाली घातली. "ठीक आहे काकू. मी समजू शकते."

"अगं, ह्यात मी पोलीस चौकीत बसल्यासारखी दिसतीय. केस बघ कसे झालेत. सकाळी सकाळी माणसांनी हे बघायचं?" महानंदा उठली. "दुसरा काढा. मी साडी बदलून येते."

ती आत गेली. कपाटाचं दार वाजलं. मल्लिनाथांनी खुर्ची उचलून खिडकीजवळ ठेवली, परत जराशी वळवली, उजेड दोन्ही गालांवर सारखा पडेल अशी.

"अहो," आतून हाक आली, "निळी नेसू का डाळिंबी?"

"तुला कुठली आवडते?"

"डाळिंबी."

"मग तीच नेस. मी रंग बघतो."

थोड्या वेळाने ती बाहेर आली. केस विंचरलेले, कपाळावर टिकली, पदर खांद्यावरून नीट मागे घेतलेला. खुर्चीत बसून तिने हनुवटी वर केली.

"हं, काढा आता," ती म्हणाली.